विलंबित ख्याल दबलेला वाटतो, म्हणून डॅक घ्यावा का?

वाचकाच्या पत्राचा सारांश

मिरजेत राहणारे हे वाचक ४३ वर्षांचे असून एका सहकारी बँकेत नोकरी करतात. घर दोन खोल्यांचे आहे आणि मुलगा यंदा बारावीला आहे, त्यामुळे रात्री स्पीकर लावता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन एका परिचिताकडून वापरलेला विकत घेतला. लॅपटॉपला जोडल्यावर चित्रपटगीते हवी तेवढी मोठी ऐकू येतात, पण जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे, विशेषतः विलंबित ख्याल, आवाज पूर्ण वाढवूनही दबलेली वाटतात. चार्जर लावला की बारीक घरघर येते आणि काढला की ती थांबते. एका मित्राने स्वतंत्र डॅक (संगणकातल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारे उपकरण) आणि त्या लहरींना बळ देणारा स्वतंत्र अ‍ॅम्प घेण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प सुचवला, तर तिसऱ्याचे म्हणणे असे, की ‘बॅलन्स्ड’, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्णपणे वेगळ्या ठेवणाऱ्या, जोडणीशिवाय या हेडफोनला न्याय मिळत नाही. न्यू जर्सीतील मावसभाऊ दिवाळीला येणार आहे आणि तो तिकडून वस्तू आणायला तयार आहे. त्यासाठी ३५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात, “मित्राने एकच बंदिश आधी त्याच्या लाखभराच्या सामग्रीवर आणि मग फोनला लावलेल्या छोट्या जोडणीवर, म्हणजे चिमुकल्या डॅक-अ‍ॅम्पवर, ऐकवली. मला फरक सांगता आला नाही आणि चारचौघांत खजील व्हायला झाले. माझे कानच तयार नसतील, तर हा खर्च मी करावा का?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी शेवटाकडून वाचायला घेतो. खरेदीचा प्रश्न सुटण्याजोगा आहे, पण तुम्ही स्वतःच्या कानांवर जो ठपका ठेवला आहे तो त्याआधी दूर व्हायला हवा. ज्या माणसाला चित्रपटगीत आणि विलंबित ख्याल यांच्या पातळीतला फरक जाणवतो, चार्जर लावल्यावर सुरू होणारी बारीक घरघर ऐकू येते आणि ती कशाने थांबते हेही ज्याने ताडून पाहिले आहे, त्याचे कान तयार नाहीत असे मी म्हणणार नाही. मित्राच्या घरी तुम्हाला फरक कळला नाही, याचा सर्वांत साधा अर्थ असा, की तिथे कळण्याजोगा फरक नव्हता. तो अर्थ तुमच्यासमोर कोणीच मांडला नाही, याचे मला वाईट वाटते.

या विषयावर झालेला एक प्रयोग तुम्हाला धीर देईल. २००७ साली ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या चाळणीतून काढून श्रोत्यांना ऐकवायचे आणि कोणते कोणते ते ओळखायला सांगायचे, अशी त्यांची रीत होती. श्रोत्यांमध्ये ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारेही होते. एकूण ५५४ वेळा उत्तर घेतले गेले आणि त्यांपैकी २७६ वेळा ते बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे बरोबर येईल तेवढेच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. फरक शून्य आहे असा दावा मी करणार नाही, परंतु सरावलेल्या श्रोत्यांनाही इतक्या बारकाईने शोधावा लागणारा फरक एका बैठकीत सापडला नाही, म्हणून कोणी खजील होण्याचे कारण नाही.

मित्राकडे झालेली तुलना तरी न्याय्य होती का, हेही विचारायला हवे. दोन उपकरणांपैकी एकाचा आवाज अगदी किंचित मोठा असला, तर तो मोठा आवाज कानाला ‘मोठा’ म्हणून न जाणवता ‘अधिक मोकळा’, ‘अधिक जिवंत’ म्हणून जाणवतो. म्हणूनच अशा तुलनेत दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात. व्होल्टमध्ये सांगायचे तर हा जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे आणि तो साध्या मल्टिमीटरनेही मोजता येतो. २०० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी वाजवावा, हेडफोन जोडलेला असतानाच प्लगवरचे व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही उपकरणांवर तो आकडा सारखा करावा. त्यानंतर दुसऱ्या कोणीतरी तुम्हाला न दाखवता जोडणी बदलत राहावी आणि तुम्ही १६ वेळा उत्तर लिहावे. १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर तुम्हाला खरोखर काहीतरी ऐकू येते आहे असे मानायला जागा आहे. कोणतीही महाग वस्तू घेण्यापूर्वी हा एक तास प्रत्येकाने खर्च करावा असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या तक्रारीकडे वळतो. पत्रात तुम्ही ‘दबलेला’ हा एक शब्द तीन ठिकाणी वापरला आहे, पण माझ्या वाचनात त्याआड तीन निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत: आवाज पुरत नाही, मागे घरघर आहे आणि सुराचा रंग मिटल्यासारखा वाटतो. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. तुमच्या मित्रांनी तिन्हींवर मिळून एकच औषध सांगितले, आणि ते औषध कोणते यावर त्यांचे एकमत झाले नाही.

त्याआधी शब्दांचा खुलासा करतो. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारे मंडल, आणि अ‍ॅम्प म्हणजे त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देणारे मंडल. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही दोन्ही आधीपासून आहेत, नाहीतर त्यातून आवाजच आला नसता. तेव्हा तुमच्यापुढचा प्रश्न ‘डॅक घ्यावा का’ असा नसून ‘आत जे आहे त्यातले नेमके काय कमी पडते आहे’ असा आहे.

आवाज का पुरत नाही, हे थोड्या हिशेबाने कळते. एचडी ६५० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि उत्पादकाच्या माहितीनुसार १ व्होल्ट दिल्यास तो १०३ डेसिबलपर्यंत जातो. बहुतेक लॅपटॉप साधारण १ व्होल्ट देतात, काही त्याहूनही कमी. १०३ हा आकडा मोठा वाटतो खरा, पण तो ध्वनिमुद्रणातल्या सर्वांत उंच टोकाचा आहे. आजचे चित्रपटगीत तयार करताना त्याची सरासरी पातळी टोकाच्या अगदी जवळ आणून ठेवतात, त्यामुळे ते गीत तुम्हाला भरपूर मोठे लागते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र आलापाची सरासरी टोकापेक्षा २० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असते. त्यात ते जुन्या फितीवरून उतरवताना पातळी कमी ठेवलेली असली, तर आणखी १० डेसिबल जातात. म्हणजे तुमच्या कानाशी ७० डेसिबलच्या आसपासच आलाप पोहोचतो, आणि पंख्याच्या आवाजात तो विरतो. चित्रपटगीत ठीक आणि ख्याल दबलेला, या तुमच्या निरीक्षणाचे मूळ इथे आहे, आणि ते निरीक्षण इतके नेमके होते म्हणून मला निदान करता आले.

मग किती बळ हवे? तुमच्याकडच्या सर्वांत हळू ध्वनिमुद्रणांसाठी मी १२ डेसिबलची जादा सोय धरतो. त्यासाठी १ व्होल्टऐवजी ४ व्होल्ट लागतात आणि ३०० ओहमवर त्याची शक्ती भरते सुमारे ५३ मिलीवॅट. जाहिरातीत २००० मिलीवॅट छापलेले पाहून छाती दडपते, पण तो आकडा बहुधा ३२ ओहमसाठी असतो. ३२ ओहमवर २००० मिलीवॅट म्हणजे ८ व्होल्ट, आणि तेच ८ व्होल्ट ३०० ओहमवर सुमारे २१३ मिलीवॅट देतात. तेही तुमच्या गरजेच्या चौपट आहे. म्हणून खरेदी करताना माहितीपत्रकात ‘३०० ओहम’ या ओळीपुढचा आकडा शोधावा. तो १०० मिलीवॅट किंवा अधिक असला, की शक्तीचा प्रश्न संपला असे समजावे. ती ओळच छापलेली नसेल, तर दुकानदाराला विचारावे. ज्या वाचकांकडे ३२ ते ४० ओहमचे हेडफोन आहेत त्यांचा हिशेब उलटा आहे. अशा बहुतेक हेडफोनना लॅपटॉप किंवा फोन पुरतो, आणि त्यांनी केवळ आवाजासाठी अ‍ॅम्प घेऊ नये. अपवाद आहे तो सपाट पडद्याच्या, म्हणजे प्लॅनर जातीच्या, काही हेडफोनचा. त्यांचे ओहम कमी असले तरी त्यांना शक्ती अधिक लागते.

घरघरीचे कारण तुम्ही स्वतःच शोधून काढले आहे. चार्जर काढल्यावर ती थांबते, म्हणजे ती वीजपुरवठ्यातून येते. लॅपटॉपच्या आत ध्वनीचे नाजूक मंडल आणि वीज बदलणारी मंडले एकमेकांना चिकटून बसलेली असतात. बाहेरचे, यूएसबीने जोडायचे उपकरण घेतले आणि त्याला फक्त हेडफोन लावला, तर बहुतेक घरांत हा त्रास जातो, कारण ध्वनीचे मंडल त्या गर्दीतून बाहेर पडते. तुमच्या बाबतीत बाहेरचे उपकरण घेण्याचे माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे. मात्र त्याच उपकरणाला पुढे स्वतःचा वीजपुरवठा असलेले स्पीकरही जोडले, तर जमिनीच्या (अर्थिंगच्या) तारेचे वेटोळे तयार होऊन घरघर परत येऊ शकते. संगणकाला प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल, जोडणी असेल तर ती वापरावी. त्यातून वीज जातच नाही, त्यामुळे वेटोळे तुटते.

इथे एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर तुम्ही आजच पाहावे. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवली, तर झिणझिण्या येतात का? चार्जरची पिन दोनच काड्यांची आहे का, की तीन काड्यांची असूनही ती दोन काड्यांच्या जोडपिनेतून लावली आहे? जुन्या घरांत अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नसते, किंवा आलेली असून तुटलेली असते. तसे असल्यास आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. घरघर जावी म्हणून तिसरी काडी काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो कदापि करू नका. ती काडी जीव वाचवण्यासाठी असते.

तिसरी गोष्ट सुराच्या रंगाची, आणि इथे मला तुमच्या पत्रातला ‘वापरलेला’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. हेडफोनच्या कानांवर बसणाऱ्या गाद्या कालांतराने चपट्या होतात, पडदा कानाच्या अधिक जवळ येतो आणि गादीची कड नीट बसेनाशी होते. त्यामुळे मूळ घडवलेला स्वर बदलतो, आणि हा बदल दोन चांगल्या डॅकमधल्या कोणत्याही फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. आधीच्या मालकाने हेडफोन किती वर्षे वापरला आणि गाद्या कधी बदलल्या, हे त्यांना विचारा. उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर पहिला खर्च मूळ उत्पादकाच्या गाद्यांवर करा. नवी गादी गुबगुबीत असते आणि जुनी बोटाने दाबली की भाकरीसारखी सपाट लागते. इतकी खूण पुरेशी आहे. वर पट्टीच्या आतला फोमही पाहून घ्या.

रंग पारखण्यासाठी तुमच्यासारखी सोय फार थोड्यांना आहे. तुम्ही तंतुवाद्यांच्या गावात राहता. तंबोऱ्याच्या जवारीवर सुताचा दोरा सरकवत कारागीर आवाज उघडत नेतो, तेव्हा खर्जाच्या तारेतून एकामागून एक स्वर कसे उमलतात, हे सतारमेकरांच्या दुकानात उभे राहून ऐकता येते. एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन दहा मिनिटे नुसता तंबोरा ऐका आणि घरी येऊन लगेच हेडफोनवर चांगल्या, अलीकडच्या ध्वनिमुद्रणातला तंबोरा लावा. जवारीचा तो झणत्कार मिटलेला वाटला, तर गाद्यांवर संशय घ्या. तो स्पष्ट असेल, पण जुन्या मुद्रणात मात्र नसेल, तर उणीव त्या मुद्रणातच आहे. ज्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात दर वर्षी गाणे होते, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घ्या. त्या काळच्या यंत्रणेने वरचे स्वर पकडलेच नव्हते, आणि जे मुद्रित झाले नाही ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. तिथे आपण खाँसाहेबांचा सूर ऐकतो, तंबोरा आपल्या मनाने भरून काढतो.

डॅकविषयी माझे मत आता स्पष्ट सांगतो. नामांकित उत्पादकाचा, दहा हजारांच्या आसपासचा डॅक आज इतका स्वच्छ असतो, की त्याची उरलीसुरली खोट घरच्या शांततेपेक्षाही खाली गेलेली असते. सीडीचे १६ बिट सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातले अंतर, देतात. रात्रीच्या खोलीत ३० डेसिबलची कुजबुज कायम असते, आणि पंखा लावला की त्याहून अधिक. तेव्हा १२० डेसिबल पल्ल्याच्या उपकरणाऐवजी ११० चे घेतले म्हणून तुमच्या ख्यालातले काही हरवणार नाही. डॅकमधली कोणत्या कंपनीची चिप ‘मखमली’ आणि कोणाची ‘काचेसारखी’, हा वादही मी गंभीरपणे घेत नाही. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतातील नोबेओका येथे असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली, त्यांच्या एकेएम चिपांचा पुरवठा तुटला आणि अनेक उत्पादकांना आपली उपकरणे दुसऱ्या कंपनीच्या चिपा धरून नव्याने आखावी लागली. नीट आखलेली ती उपकरणे मोजमापात मागे पडली नाहीत. चिप हा एक भाग आहे. तिच्याभोवतीचे मंडल, वीजपुरवठा आणि सर्किट बोर्डाची मांडणी यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

स्वस्त उपकरण चांगले असू शकते, ही गोष्ट हेडफोनच्या जगात फार जुनी नाही. २०११ साली एन-डब्ल्यू-एव्ही-गाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अनामिक अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह २’ नावाच्या अ‍ॅम्पचा संपूर्ण आराखडा मोजमापांसह कोणालाही बनवता येईल असा खुला केला. साधे, सहज मिळणारे भाग वापरून त्याने दाखवून दिले, की कितीतरी पट महाग उपकरणांच्या तोडीचे काम होऊ शकते. पुढच्याच वर्षी तो दिसेनासा झाला आणि तो कोण होता हे आजवर उघड झालेले नाही. तुमच्या टप्प्यातली आजची उपकरणे इतकी चांगली आहेत, त्यात त्या माणसाचा वाटा आहे असे मी मानतो.

तुमच्या दुसऱ्या मित्राने सुचवलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला मी वाईट म्हणणार नाही, पण तो नेमके काय करतो हे ठाऊक असू द्या. अशा अनेक अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो. तुमच्या हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडे ३०० नाही, खर्जाच्या भागात तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स १०० ओहम असेल, तर त्या भागाला बाकीच्यापेक्षा जवळजवळ १ डेसिबल अधिक मिळतो, आणि त्यालाच लोक ‘ऊब’ म्हणतात. ती आवडणे गैर नाही. परंतु तेवढा बदल संगणकातल्या इक्वलायझरने फुकटात करता येतो आणि नको वाटल्यास काढूनही टाकता येतो. सर्वसाधारण नियम असा, की अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा. मी तर १ ते २ ओहमच्या आतलाच घ्या असे सांगेन, म्हणजे पुढे १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन आला तरी अडचण येणार नाही.

‘बॅलन्स्ड’ जोडणीने त्याच उपकरणातून साधारण दुप्पट व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल अधिक मिळू शकतात. फोनला लावायच्या लहान जोडणीवर हा लाभ खरोखर मोलाचा आहे. टेबलावरच्या अ‍ॅम्पला साध्या जोडणीतच ४ व्होल्ट सहज जमत असतील, तर त्यासाठी वेगळी केबल विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

तर तुम्ही काय करावे? सुरुवातीला एकही रुपया खर्च करू नका. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ध्वनिमुद्रणांची पातळी सारखी करणारी सोय असते, ती चालू करा, आणि एक रात्र पंखा कमी वेगावर ठेवून, लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका. नंतर गाद्यांचा निकाल लावा. त्यानंतर कोणाकडून तरी यूएसबी-सीची एक लहान जोडणी आठवडाभरासाठी उसनी आणा. ती २ व्होल्ट देणारी असावी, म्हणजे तुम्हाला लॅपटॉपपेक्षा ६ डेसिबल अधिक मिळतील, आणि घरघर जाते का तेही कळेल. मित्राकडे ऐकलेली जोडणीच मागून आणलीत तर अधिक चांगले. तेवढ्याने समाधान झाले, तर हजार-दोन हजारांत काम झाले. उरलेले पैसे ठेवून द्या, त्यात काहीही कमीपणा नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर डॅक आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात असलेले उपकरण घ्या. फिओ, टॉपिंग, आयफाय अशा उत्पादकांची या प्रकारची उपकरणे साधारण १२ ते १८ हजारांच्या टप्प्यात मिळतात, भाव मात्र वरखाली होत राहतात. दोन वेगळ्या डब्यांचा मुख्य फायदा म्हणजे एक बिघडला किंवा बदलावासा वाटला, तर दुसरा राहतो. मात्र त्यासाठी आणखी एक अडॅप्टर, आणखी केबली आणि टेबलावर आणखी जागा लागते, आणि अभ्यासाचे टेबल मुलाशी वाटून घेणाऱ्या घरात ती जागा मोलाची असते. निवडताना ३०० ओहमचा आकडा, आउटपुट इम्पीडन्स, कमी-जास्त गेनचे (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारे) बटण, हाताला बरा वाटणारा आवाजाचा खटका (व्हॉल्यूम नॉब) आणि भारतातली दुरुस्तीची हमी, एवढेच पाहा. गेनचे बटण खालच्या स्थितीत ठेवून आधी ऐका. खटका अर्ध्याच्या पुढे नेऊनही आवाज कमी पडला, तरच ते वर करा. संगणकातला आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त खटक्यानेच करावे. मात्र हेडफोन कानावर घेण्यापूर्वी खटका शून्यावर आणायची सवय लावून घ्या, कारण एखादी सूचना अचानक पूर्ण आवाजात वाजते.

तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. एचडी ६५० हा मागून उघडा हेडफोन आहे. त्यातून पंख्याचा आवाज आत येतो आणि गाणे बाहेर जाते. मुलगा त्याच खोलीत अभ्यास करत असेल, तर तुम्हाला पुरेसा वाटणारा ख्याल त्याला चार-पाच फुटांवर बारीक ऐकू येत असणार, आणि नव्या अ‍ॅम्पने तो अधिकच ऐकू येईल. तुम्ही त्याच्या जागेवर बसून, त्याला हेडफोन लावायला देऊन, एकदा ऐकून पाहा. त्रास होतो असे दिसले, तर ३५ हजारांतला मोठा वाटा बंद पाठीच्या एखाद्या हेडफोनवर घालणे अधिक शहाणपणाचे ठरेल. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहमचा मिळतो, आणि कदाचित त्याला अ‍ॅम्पची गरजही फारशी भासणार नाही. दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, एवढी मर्यादा पाळावी. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८६ डेसिबलला आठवड्याचे १० तासच उरतात. आजवर लॅपटॉपच्या दुबळेपणाने तुमचे आपोआप रक्षण होत होते. ४ व्होल्ट हाताशी आल्यावर ते रक्षण तुम्हालाच करावे लागेल.

राहिला मावसभावाचा प्रश्न. तिकडून वस्तू स्वस्त पडते हे खरे, पण दुरुस्तीची हमी सहसा विक्रीच्या देशापुरती असते, आणि त्याहून मोठी अडचण विजेची आहे. अमेरिकेत घरोघरी १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडच्या काही लोकप्रिय अ‍ॅम्पबरोबर साधा ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टर येतो, जो केवळ तिकडच्या विजेसाठी गुंडाळलेला असतो. असाच एक अडॅप्टर मी काही वर्षांपूर्वी नुसती पिन बदलून इथल्या सॉकेटला लावला, आणि मिनिटभरात जळका वास येऊन तो कायमचा गेला. उपकरण वाचले ते केवळ नशिबाने. म्हणून मावसभावाला पैसे पाठवण्यापूर्वी अडॅप्टरच्या पाठीवरच्या ओळीचा फोटो मागवा. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर खुशाल आणू द्या. फक्त ‘१२०’ असेल, तर त्याच उत्पादकाचा २३० व्होल्टचा अडॅप्टर वेगळा मिळतो का आणि केवढ्याला पडतो, हे विचारून मग इथल्या भावाशी ताडून पाहा. यूएसबीवरच चालणारे उपकरण असेल, तर ही चिंता उद्भवतच नाही.